कोटातले बाबा

मी काळजी करणारा माणूस आहे. गावाला निघताना गॅसचं बटण तीनदा बघतो आणि कुलूप लावून जिना उतरलो की चौथ्यांदा बघायला परत वर जातो. आमची ही म्हणते, "तुम्हाला काळजी करायला काही मिळालं नाही, तर तुम्ही त्याचीच काळजी करत बसाल." अशा माणसाला लोकांच्या घरातले जुने फोटो गोळा करायला बोलावलं, ही वसंताची चूक. आणि मी गेलो, ही माझी.

वसंता माझा कॉलेजातला मित्र. मी मिरजेला शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. तो अंबरनाथला चित्रकलेचा मास्तर म्हणून गेला आणि तिथलाच झाला. निवृत्त झाल्यावर त्याने चार मित्र जमवून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या साध्या माणसांचा इतिहास लिहायला घेतला. गिरणीवाले, कारखान्यातले, दुकानदार, शिक्षिका, अशी माणसं. मजकूर तयार होता, फोटो कमी पडत होते. मी आमच्या पेठेच्या पुस्तकासाठी मिरजेत हेच काम केलं होतं, म्हणून मला बोलावणं. मी पोहोचलो मंगळवारी आणि पुस्तक सोमवारी छापखान्यात जायचं होतं. माझ्यासोबत लॅपटॉप, एक चपटा स्कॅनर, पांढरे हातमोजे आणि एक नियम होता: मूळ फोटो कुणाच्या घराबाहेर न्यायचा नाही. जिथल्या तिथे स्कॅन करायचा आणि हात जोडून निघायचं.

बदलापूर, बुधवार

आमच्याकडे नवा माणूस दिसला की विचारतात, "कुठलं गाव?" इथे विचारतात, "ईस्ट का वेस्ट?" मी दोनदा चुकीचं उत्तर दिलं आणि कात्रपला पोहोचेपर्यंत अर्धं बदलापूर फिरून झालं. शेअर रिक्षात तीन माणसांच्या मागच्या सीटवर मी चौथा होतो, आणि मांडीवरच्या स्कॅनरवर शेजारणीची मेथीची पिशवी होती. काच फुटली असेल या विचाराने मला घाम फुटला होता.

वसंताच्या यादीतल्या सुनंदाताई कात्रपच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय साठीचं, एका सरकारी कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या. "बसा ना सर. फॅन फास्ट करू का?" असं म्हणत त्यांनी पाणी आणलं. समोरच्या भिंतीशी बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि वर एक फ्रेम. फ्रेममध्ये कोट-टाय घातलेला एक तरुण माणूस. केस चापून बसवलेले, मान जरा जास्तच ताठ, भुवईपाशी एक तीळ. त्याला चंदनाचा हार.

"हे माझे बाबा. सखाराम गायकवाड," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आई बाळंतपणात गेली. ताई नऊ महिन्यांच्या असताना बाबा काविळीने गेले. कर्जतच्या पुढे एका गावात मावशीने त्यांना वाढवलं. बाबा अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. तिथल्या सोबत्यांनी मिळून हा फोटो करवून घेतला आणि मावशीकडे पोचता केला. मावशीने मेहुण्याला पाहिलं होतं ते फक्त लग्नाच्या दिवशी.

"ती म्हणायची, कोटात वेगळेच दिसतात गं," ताई हसल्या. "माझ्या लग्नात हाच फोटो खुर्चीवर ठेवला होता. आम्ही दोघं आधी त्याच्या पाया पडलो, मग बाकीच्यांच्या."

मी फ्रेम उतरवायची परवानगी मागितली. त्यांनी स्टूल दिलं, स्क्रू ड्रायव्हर दिला आणि निर्धास्तपणे स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला त्यांच्या विश्वासाचीच भीती वाटली. मागचे खिळे गंजलेले होते आणि फोटोचा खालचा कोपरा काचेला चिकटलेला. तो ओढला असता तर टायची गाठ काचेवरच राहिली असती. मी तसाच काचेसकट स्कॅन केला. पुठ्ठ्यामागे उल्हासनगरच्या एका स्टुडिओचा गोल शिक्का होता, तो टिपून घेतला आणि फ्रेम होती तशी बंद केली. एवढ्याला पाऊण तास लागला.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. भाकरी आमच्यासारखी, चटणी मात्र आमच्याकडे कुणी स्वप्नातही करणार नाही. मी दोनदा मागून घेतली.

"सर, बाबांचं नाव कुठेच नाहीये," ताई वाढता वाढता म्हणाल्या. "कारखान्याच्या मस्टरवर होतं. कारखाना बंद झाला, ते पण गेलं. तुमच्या पुस्तकात एक पान आलं ना, बास. नातवाला दाखवीन. खरवईला टॉवरमध्ये राहतो तो. त्याला वाटतं आपण सगळे टॉवरमध्येच जन्मलो." मग म्हणाल्या, "मावशी म्हणायची, हा कुठल्या तरी मोठ्या ग्रुप फोटोतून काढलाय. तो मिळेल का हो?"

"मिळेल की. मी घेऊन येतो," मी म्हणालो.

मी कधी असं बोलत नाही. आमच्याकडे पाहुण्याने चहाचं निमंत्रण दिलं तरी मी 'बघतो, जमलं तर' म्हणतो. चटणी बोलली असावी. जिना उतरता उतरताच मला धसका बसला.

उल्हासनगर, गुरुवार

उल्हासनगरात पत्ता म्हणजे कॅम्पचा नंबर. एक ते पाच. मला तीनला जायचं होतं आणि मी चारला उतरलो, त्यामुळे दोहोंच्या मधलं सगळं पायी पाहिलं: जीन्सचे गठ्ठे, फर्निचर, पापडाची दुकानं, आणि पाट्या तीन-तीन लिप्यांत. दुकानदार सिंधीत भांडत होते, हिंदीत विकत होते आणि मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत दर ठरवत होते.

स्टुडिओ अजून होता, पण आता पुढे मोबाईलची कव्हरं आणि आत पासपोर्ट फोटो. मालक परसराम अंकल, सत्तरीचे. मी शिक्क्याचा फोटो दाखवला, तसा माणूस उजळला.

"अरे साईं, ये तो पप्पा का ठप्पा है! बसा, बसा. पहले खाओ, बाद में काम." आणि दाल-पकवान मागवलं. कुरकुरीत पुरीवर घट्ट डाळ आणि वर चिंचेची चटणी. आमच्याकडे सकाळी इतकं तळलेलं खाणाऱ्याला लोक नावं ठेवतात.

खाता खाता त्यांनी धंद्याची रीत सांगितली. त्या काळी गरीब घरात माणसाचा एकट्याचा फोटोच नसायचा. माणूस गेला की घरचे कुठला तरी ग्रुप फोटो घेऊन यायचे. त्यातून त्याचं डोकं काढायचं, मोठं करायचं, ब्रशने केस नीट करायचे आणि खाली कोट बसवायचा.

"कोट कुणाचा?"

"पप्पांचा!" अंकल टाळी देत म्हणाले. "सिंधमधून अंगावर एकच कोट घालून आले होते. त्याचा एक चांगला फोटो करून ठेवला. मग जो गिऱ्हाईक येईल, त्याला तोच. पूरे एरिया के बाप एक ही कोट में हैं."

त्यांनी माळ्यावरून तीन न नेलेल्या तसबिरी काढल्या. तिघांच्या अंगात तोच कोट, तोच तीन पट्ट्यांचा टाय. लॅपटॉप उघडून पाहिलं तर सुनंदाताईंच्या बाबांच्या अंगातही तोच. मला हसू आलं. जुन्या फोटोचं एक पाकीट उघडलं, तर आत फोटोला वरच्या कडेने क्लिपने अडकवलेला बटर पेपर, आणि त्यावर पेन्सिलचं एक वर्तुळ.

"ये सिस्टम था," अंकल म्हणाले. "फोटोवर पेन चालवायचा नाही. गिऱ्हाइकाने पेपरवर गोल करायचा, हेच डोकं म्हणून."

"चूक नाही व्हायची?"

"होती थी ना! पेपर सरकला की बंदा बदल! म्हणून पप्पा डिलिव्हरीच्या आधी घरच्यांना बोलवायचे, बघा, हाच ना? जो नहीं आया, उसका भगवान मालिक."

मी पुन्हा हसलो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर चिंतण्यात पटाईत. पण त्या दिवशी नेमकं ते गप्प बसलं.

सुनंदाताईंचा मूळ ग्रुप फोटो काही तिथे नव्हता. दुकानात पाणी शिरलं तेव्हा बराचसा जुना माल गेला होता. "कारखान्याचा ग्रुप असेल तर अंबरनाथला शोधा," अंकल म्हणाले. "जो फोटो में खड़ा था, उसके घर होगा."

अंबरनाथ, शुक्रवार

शुक्रवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी. आमच्या रविवारसारखा निवांतपणा असतो. लोक दाढी करून, धुतलेले कपडे घालून मटणाच्या दुकानापुढे उभे. वसंताने त्या बंद कारखान्यातल्या एका जुन्या कामगाराचा पत्ता काढला होता. शांताराम भोईर, वय ऐंशीच्या पुढे, गावठाणात लेकासुनेबरोबर राहणारे. जुन्या शिवमंदिरावरून पुढे गेलो. मंदिर बघायला थांबायचं का, असं वसंताने विचारलं, तर मी नको म्हणालो. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शब्द दिलेला माणूस देव कसा बघणार?

भोईरकाका उंच, वाळके, कानाने तल्लख. सुनेने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. आम्ही ज्वारीवाले, ती पांढरी मऊ भाकरी हातात धरायची कशी इथपासून माझी तयारी. जेवण झाल्यावर काकांनी ट्रंकेतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू आणली.

तो ग्रुप फोटोच होता. खुर्च्यांवर साहेब, मागे दोन रांगा कामगारांच्या, आणि खाली पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरांत नावं. माझा जीव भांड्यात पडला. मी बोट ठेवून वाचू लागलो. 'उभे, डावीकडून,' मग दोन नावं, तिसरे श्री. शांताराम भोईर, चौथे श्री. सखाराम गायकवाड.

सुनंदाताईंचे बाबा मला चेहऱ्याने पाठ होते. पाऊण तास त्यांच्यावर वाकून काढला होता. मी चौथ्या माणसाकडे पाहिलं. बुटका, मोठ्या कानांचा, गळ्याचं बटण उघडं टाकून हसणारा. हा तो नव्हता. तो शेजारी होता. तिसरा.

नावं लिहिणाऱ्याची चूक असेल, असं मी स्वतःला सांगितलं. उजवीकडून मोजून पाहिलं. मधली रांग धरून पाहिलं. शेवटी लॅपटॉप उघडून कोटातल्या बाबांचा फोटो काकांपुढे धरला आणि विचारलं, "काका, हे कोण?"

काकांनी चष्मा पुढे-मागे केला. "हा मी," ते म्हणाले. "पन मना कोट कोनी घातला?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पांढऱ्या भुवईपाशी तो तीळ होता.

वसंताने मला थांबवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. फ्रेम, भिंत, मेणबत्ती, लग्नातली खुर्ची, चंदनाचा हार. दारात उभी असलेली सून म्हणाली, "अगं बाय! जित्या मानसाला हार?" काका आधी खो खो हसले. "तरीच मी मरत नाय! एवडा हार घातल्यावर यमाना वाटलं असंल, हा तं येऊन गेला." आणि हसता हसता एकदम थांबले.

"सख्याची पोर," ते म्हणाले. "जित्ती हाय ती?"

मग त्यांना आठवलं. सखाराम गेल्यावर सगळ्यांनी फोटो करायचं ठरवलं. वयाने लहान म्हणून यांना उल्हासनगरला पाठवलं. यांनीच काउंटरवर उभं राहून बटर पेपरवर पेन्सिलने वर्तुळ केलं, सखारामच्या डोक्याभोवती. पाकीट देऊन पाळी गाठायला पळाले. तयार फ्रेम कुणी दुसऱ्याने परस्पर मावशीच्या गावी पोचवली. ती यांनी कधी पाहिलीच नाही. घरचं कुणी स्टुडिओत बघायला गेलं नव्हतं; जायला घरात उरलं होतं कोण?

परत येताना वसंता म्हणाला, "पानावर चुकीचा फोटो छापायचा नाही, एवढं नक्की. तिला सांगायचं की नाही ते तू बघ." मी काय बघणार होतो? न सांगावं, तर पुस्तकात बाबांचं पान नाही. का नाही ते विचारल्यावर मी काय बोलणार? सांगावं, तर साठ वर्षांच्या बाईच्या भिंतीवरून बाप उतरवायचा, तोही परगावच्या, तीन दिवसांच्या ओळखीच्या माणसाने. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मिरजेची गाडी शनिवारी संध्याकाळची होती आणि वसंतालाच सगळं निस्तरायला सांगून निघून जावं, असं मला खरंच वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

शनिवारी सकाळी भोईरकाकांचा फोन आला. "मना ने तिच्याकं. कागद माज्या हातनं सरकलाय."

बदलापूर, शनिवार

मी बेत आखला होता. काकांनी खाली रिक्षात बसायचं, मी वर जाऊन आधी ताईंच्या मनाची तयारी करायची. काकांनी मान हलवली आणि मी लिफ्टमध्ये शिरलो तसे तेही मागोमाग शिरले.

दार उघडताच खिरीचा वास आला. ताईंनी माझ्या हातातला लिफाफा पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला. "मिळाला? सर, खरंच मिळाला?" मग काकांकडे पाहून, "आणि हे?"

"तुमच्या बाबांच्या कारखान्यातले," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

"बाबांना ओळखायचात तुम्ही?" त्यांनी काकांचा हातच धरला. तो आनंद बघवेना. काका त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. तिथे बाविशीतले ते स्वतः, कोट-टाय घालून, हार घालून, मेणबत्तीच्या वर. त्यांनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनाच ठाऊक.

काकांच्या घरी स्कॅन केलेल्या ग्रुप फोटोची छापून आणलेली कॉपी मी टेबलावर ठेवली. ताईंचं बोट सरळ तिसऱ्या माणसावर गेलं. "हे बघा बाबा! केवढे उंच!" मग खालची नावं वाचली. बोट जागचं हललं नाही. पुन्हा वाचली. "सर, नावं चुकलीत."

मी काकांकडे पाहिलं.

"नाय गं पोरी," भोईरकाका म्हणाले. "नावं बराबर हायेत. तो मी हाय. तुजा बाप हा, माज्या शेजारी." आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं, पेन्सिलपासून पाळीपर्यंत, काही न लपवता.

ताईंनी भिंतीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "फोनवर सांगता नाही आलं तुम्हाला? यांना घेऊन थेट दारात?" आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. त्या आत गेल्या. नळ सुरू झाला आणि किती तरी वेळ सुरूच राहिला. आम्ही दोघं खुर्चीच्या कडेवर बसून होतो. मी मनातल्या मनात माफीची चार वाक्यं जुळवली, चारही टाकून दिली. कुठून हे पुस्तक हातात घेतलं, असं झालं मला.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. टेबलाशी बसल्या आणि चौथ्या माणसाकडे बघू लागल्या. कानांकडे, उघड्या बटणाकडे, हसण्याकडे. हळूच हात स्वतःच्या कानाकडे गेला. कान मोठे होते त्यांचे; मी इतके दिवस पाहिले नव्हते.

"पुस्तकात हाच टाका," त्या मला म्हणाल्या. "चौथे, म्हणून लिहा." त्या पानावर आता तेच आहे.

मग त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि फ्रेमचा हार काढला. मला वाटलं, फ्रेमही काढतील. नाही काढली. हार घडी घालून टेबलावर ठेवला. "जिवंत माणसाला हार नको," एवढंच म्हणाल्या.

"मना माफ कर," भोईरकाका म्हणाले.

"काका, मी रोज सकाळी ऑफिसला निघताना तुम्हाला सांगून जायचे," ताई त्यांच्यासमोर बसत म्हणाल्या. "पोराची दहावी, साहेबाची कटकट, मावशी गेली तेव्हा, मालक गेले तेव्हा. सगळं तुम्हाला सांगितलंय मी. दुसरं होतं कोण सांगायला?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माज्या कानावर नाय आलं गं. एक टेशन लांब व्हतो मी."

"माहितीये." त्यांनी खिरीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "इतकी वर्षं मीच बोलत आले. आता तुम्ही बोला. माझे बाबा कसे होते?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "सख्या ना," ते म्हणाले, "गोष्ट सांगायचा तं गोष्ट सरायच्या आधी सोताच हसायचा..."